एकसष्ट की बासष्ट

तामिरकाठ, १८ ऑगस्ट १९९४

थोरल्या भावोजींना दुलमाचा नमस्कार.

उन्हाळा सुखाचा गेला. गवत गुडघ्याएवढं आहे, जनावरं अंगाने भरलीत, मी ठणठणीत आहे. तुमचं हृदय नीट चालत असेल आणि लेक ओयुन तुम्हाला चरबी खाऊ देत नसेल, अशी आशा करते.

सगळं छान आहे. फक्त सात मेंढ्यांची लोकर झडतेय.

आधी वाटलं काटेरी झुडपात घासल्या असतील. पण दिवसभर गाडीच्या चाकाला अंग घासतात, स्वतःच्या कुशीला चावतात. एकीची पाठ मी खाजवली तर डोळे मिटून ओठ चाटत उभी राहिली. लोकर बाजूला केली की खाली पिवळट खपली आहे. शेळ्यांना अजून काही नाही. दोन करडं खोकतात, पण ती धुळीने खोकत असतील.

शेजारच्या तंबूतल्या लुवसानने काल पाहिलं आणि बायकोला, त्सेरमाला, हाक मारली. दोघंही माझ्या मेंढ्यांपासून दहा पावलं लांब उभी राहिली. लुवसान म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. नोव्हेंबर संपेपर्यंत ही खरूज गेली नाही तर यंदा हिवाळी मुक्काम वेगळा. माझी दोनशे डोकी आहेत, मी ती तुमच्या पायी घालवणार नाही."

भावोजी, एकटीने डोंगरात हिवाळा काढणं माझ्याने होणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग कळप विकून मुलाकडे उलानबातरला चौथ्या मजल्यावर जायचं. तिथे मी गेल्या वर्षी नऊ दिवस राहिले. खिडकीतून दुसऱ्या लोकांची खिडकी दिसते. हे गेल्यापासून मला एवढीच जनावरं आहेत. काय करू ते लवकर लिहा. दाम्बा पिठाच्या ट्रकने दार्खानला येतोय, हे पत्र त्याच्याकडे देते.

दुलमा

*

दार्खान, २७ ऑगस्ट

दुलमा,

पहिल्या चार ओळींत सगळं छान, आणि पाचवीत मेंढ्या सोलल्या जातायत. तुम्ही खेड्यातली माणसं मरताना पण आधी गवत कसं आहे ते सांगाल.

ही खरूजच. तीस वर्षं सामुदायिक शेतीच्या जनावरांचा डॉक्टर होतो, पत्रातून वास येतो मला. ओठ चाटते म्हणालीस तिथेच कळलं. दाम्बाबरोबर औषधाचा डबा पाठवतोय. मी स्वतः आलो असतो, पण दोन दिवस ट्रकमध्ये हादरे खाल्ले तर परत न्यायला पेटी लागेल, असं आमची डॉक्टरीण म्हणते.

नीट वाच. खड्डा खणून ताडपत्री घाल. एका बादली पाण्याला एक टोपण औषध, जास्त नाही. "थोडं जास्त घातलं तर लवकर बरं होईल" हे तुझं शहाणपण चहाच्या मिठापुरतं ठेव. ऊन असलेला, वारा नसलेला दिवस निवड आणि सकाळीच सुरू कर, म्हणजे संध्याकाळपर्यंत सुकतील. आधी पोटभर पाणी पाज, नाहीतर तहानेने ते विषच पितील. प्रत्येकाला साठ मोजेपर्यंत पाण्यात ठेव, डोकं एकदा बुडव. दहाव्या-अकराव्या दिवशी पुन्हा सगळं कर, कारण औषधाने किडा मरतो, अंडं मरत नाही. मग तंबू उचल आणि जागा बदल. कुंपणाला चिकटलेल्या लोकरीत किडा पंधरा दिवस जगतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सगळी जनावरं. शेळ्यासुद्धा, कोकरंसुद्धा, बरी दिसणारीसुद्धा. एक राहिलं तर काहीच केलं नाही असं समज.

करडांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघ. पांढरी असेल तर पोटात जंत आहेत, धूळ नाही.

गोम्बोजाव

*

तामिरकाठ, १७ सप्टेंबर

भावोजी,

झालं! चार तारखेला एकदा आणि पंधराला एकदा. एकेचाळीस मेंढरं, वीस शेळ्या, सगळी एकसष्ट. शेवटची शेळी बुडवली तेव्हा माझेही कपडे औषधात भिजले होते. आता मला तरी खरूज होणार नाही.

लुवसानने खड्डा खणला. त्सेरमा काठावर उभं राहून साठ मोजत होती. ती मोजते हळू आणि मध्येच तिला कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट आठवते, त्यामुळे काही मेंढ्या नव्वदपर्यंत राहिल्या असतील. शेळ्यांनी असा आरडाओरडा केला की नदीपलीकडची माणसं बघायला आली. बोकडाने मला खड्ड्यात ढकललं. ते त्सेरमाने अजून चार जणांना सांगितलं आहे.

करडांच्या पापण्या पांढऱ्या होत्या. तुम्ही जिंकलात. जंताची गोळी दिली.

तंबू तीन टेकड्या पलीकडे हलवलाय. आता कुणी घासत नाही. लुवसान म्हणाला, "झालं तर मग, हिवाळ्यात एकत्रच." तुमच्यासाठी वाळवलेलं दही पाठवतेय. ओयुनला दाखवू नका.

दुलमा

*

तामिरकाठ, ६ ऑक्टोबर

भावोजी,

शरद ऋतू बरा चाललाय, गवत पिवळं झालं, माझी तब्येत उत्तम.

परत आलीय.

मला काही कळत नाही. परवा दोन मेंढ्या घासताना दिसल्या, आज पाच. त्याच खपल्या, तेच ओठ चाटणं. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. टोपण मोजून घातलं. जागा बदलली. मग हे आलं कुठून? आकाशातून पडलं?

मला वाटतं लुवसानच्या कळपातून आलं. तसं मी त्सेरमाला म्हटलंही. ती उसळली. म्हणाली, "माझ्या दोनशेत एकाचीही लोकर हलली नाही, आणि मला सांगतेस? आधी तुझी मोजायला शीक! तुझी एकसष्ट म्हणतेस, हिवाळी आडोशाची जागा आखताना मी दोनदा मोजली. बासष्ट आहेत."

मी म्हटलं एकसष्ट. ती म्हणे बासष्ट. मी म्हटलं, तुला साठापर्यंतही धड मोजता येत नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. सकाळी दोघी चुलीची राख टाकायला निघतो आणि एकमेकींना पाहून परत आत जातो.

औषध जुनं होतं का? मी काही पाप केलं का? कुणाची नजर लागली असेल तर तेही लिहा. तुम्ही असल्या गोष्टी मानत नाही, पण मला विचारायला दुसरं कोण आहे?

दुलमा

*

दार्खान, १३ ऑक्टोबर

दुलमा,

औषध जुनं नव्हतं. मी स्वतः तारीख बघून घेतलं. नजर वगैरे त्सेरमाला सांग. किड्याला सहा महिने पाऊस लागला नाही तरी चालतं, नजर लागली तरी चालतं, त्याला फक्त एक मेंढी लागते.

कारणं तीनच असू शकतात: प्रमाण चुकलं, जागा तीच राहिली, किंवा एखादं जनावर बुडवायचं राहिलं. दोन तू खोडून काढलीस. तिसऱ्यावर मी तीन दिवस अडकलोय. ओयुन म्हणते, बाबा जेवताना बोटांवर मोजतात.

हे बासष्टावं कोण?

त्सेरमा बडबडी असेल, पण आडोशाची जागा आखणारी बाई डोकी चुकवत नाही. तुझ्या कळपात दुसऱ्याचं चुकलेलं मेंढरू शिरलंय का? शिरलं असेल तर ते बुडवलं नसशील, कारण तू दुसऱ्याच्या जनावराला हात लावत नाहीस. तसं असेल तर आजच्या आज मालकाला परत कर.

पाच आजाऱ्यांना वेगळं बांध. थंडी वाढलीय, आता खड्ड्यात बुडवू नकोस. मरतील. माझं पुढचं पत्र येईपर्यंत थांब.

गोम्बोजाव

*

तामिरकाठ, १९ ऑक्टोबर

भावोजी,

कुणाचं चुकलेलं मेंढरू नाही.

एक आहे, पण ते आपलं नाही. म्हणजे कळपातच आहे, पण आपल्यात मोजत नाहीत. परत करता येणार नाही. ते ज्याचं आहे त्याच्याकडेच आहे. त्याने काही होणार नाही, त्याच्या अंगाला काही नाही. कानामागे थोडं खाजवतं, पण ते म्हातारं आहे.

त्याचा विषय सोडा. दुसरं काही औषध असेल तर पाठवा. आजारी आता आठ झाल्या. रात्रीचं पाणी गोठतं आणि त्यांच्या उघड्या कातडीकडे बघवत नाही. लुवसान रोज येऊन दुरून बघतो आणि परत जातो. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

दुलमा

*

दार्खान, २४ ऑक्टोबर

दुलमा,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं धरून बसलो. आपलं नाही, कुणाचं नाही, परत करता येत नाही, ज्याचं आहे त्याच्याकडेच आहे. हे मेंढरू आहे की कोडं?

"कानामागे खाजवतं, पण ते म्हातारं आहे." अगं, खरजेचा किडा कानातच लपतो! कानात, शिंगांच्या मुळाशी, मांड्यांच्या घडीत. अंगावर काही दिसत नाही आणि तिथून तो सगळ्या कळपावर जेवायला निघतो. तुझी एकसष्ट जनावरं बुडवून काही उपयोग नाही, जोवर हा एक कोरडा फिरतोय.

माझा धाकटा शिरेन असता तर त्याने सरळ सांगितलं असतं. तू माझ्यापासून काय लपवतेस? साफ लिही. नाहीतर ओयुनने कितीही ओरडा केला तरी पुढच्या ट्रकमध्ये मी बसतो.

गोम्बोजाव

*

तामिरकाठ, ३० ऑक्टोबर

भावोजी,

ट्रकमध्ये बसू नका. सांगते.

तो पांढरा खच्ची मेंढा आहे, पिवळ्या डोक्याचा. त्याच्या मानेत पाच रंगांच्या फिती आहेत. तो डोंगराला सोडलेला आहे. विकायचा नाही, कापायचा नाही, त्याची लोकर कातरायची नाही, त्याच्यावर काठी उगारायची नाही. म्हणून तो आमच्या मोजणीत नसतो. तुम्ही "सगळी जनावरं" लिहिलंत आणि मी "सगळी एकसष्ट" म्हटलं, ते खोटं नव्हतं. त्या विषारी पाण्यात देवाचं जनावर घालायचं हे माझ्या मनातही आलं नाही. लुवसानच्याही नाही. त्या दिवशी मेंढा टेकडीवर उभा राहून बघत होता आणि आम्हाला वाटलं, कसा शहाणा आहे.

तुम्हाला का सांगितलं नाही ते ह्यांच्यामुळे. तरुणपणी तुम्ही सासूबाईंच्या अशाच एका शेळीच्या फिती कापून तिला मांसाच्या कारखान्यात धाडलंत आणि सासूबाई वर्षभर तुमच्याशी बोलल्या नाहीत, ते सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. हे म्हणाले होते, दादाला कळलं तर तो हसेल, आणि हसला तर फुकट जाईल.

आता दुसरं. हे मला लिहायचं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तुमची छाती उघडली, आठवतं? डॉक्टर म्हणाले होते, अर्धी आशा. हे घरी तीन दिवस जेवले नाहीत. मग म्हाताऱ्या लामाला घेऊन आले, कळपातला सगळ्यात चांगला मेंढा निवडला, दुधाने धुतला, धूप दाखवला, फिती बांधल्या आणि डोंगराला म्हणाले, याला सांभाळ आणि माझ्या भावाला सांभाळ. तो मेंढा तुमच्या नावाने सोडलाय, भावोजी.

त्याला काही झालं तर तुम्हाला होईल. म्हणून मी त्याला विषात घालणार नाही. कळप गेला तर गेला. चौथा मजला तर चौथा मजला.

दुलमा

*

दार्खान, ७ नोव्हेंबर

दुलमा,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस ते खिशात घालून घरभर फेऱ्या मारल्या. ओयुनला वाटलं माझी गोळी चुकली.

डॉक्टर म्हणून माझं उत्तर एका ओळीचं आहे. मेंढ्याला औषध लाव. पण ज्याच्या नावाने तो सोडलाय त्या माणसाचं उत्तर मला येत नाही. चार वर्षं मला वाटत होतं मी त्या सर्जनमुळे जगलो. तो चांगला माणूस होता, त्याचे हात थंड होते. आता तू सांगतेस की तिकडे एक मेंढा माझ्यासाठी चरत होता आणि माझा भाऊ, जो मला साधा सल्लाही द्यायला घाबरायचा, त्याने मला न विचारता हे करून टाकलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आईच्या शेळीचं खरं आहे. तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

तर ऐक. त्याला खड्ड्यात घालायचं नाही, थंडीने मरेल. तंबूत आण. चूल चांगली पेटव. कोमट पाण्यात औषध, तेच प्रमाण. कापडाने अंग भिजव, लोकरीच्या मुळापर्यंत. कान आतून पुस, शिंगांची मुळं, मांड्यांच्या घड्या. अंग पूर्ण सुकेपर्यंत बाहेर सोडू नकोस. मग त्याला दुधाने पूस, आई पुसायची तसं, धूप दाखव, नव्या फिती बांध. जुन्या फिती जाळ, त्यांत किडे असतील. जाळणं चुकीचं असेल तर उकळ. मला माहीत नाही, तू लामाला विचार.

मग त्याच पद्धतीने आठही आजारी. मग बाकीच्यांचे कान. दहा दिवसांनी सगळं पुन्हा. त्सेरमाची माफी माग, एकटीला जमणार नाही. आणि मोजणी तिची बरोबर होती.

जीव माझा आहे, मी परवानगी देतो. अशी परवानगी चालते की नाही कोण जाणे. मला त्या वेळीही कुणी विचारलं नव्हतं.

गोम्बोजाव

*

तामिरकाठ, १५ नोव्हेंबर

भावोजी,

काल केलं. लामा म्हणाला, ज्याच्यासाठी सोडलाय त्यानेच सांगितलं असेल तर पाप त्याच्या माथी. म्हणजे तुमच्या. मला हे आवडलं नाही, पण केलं.

त्सेरमाकडे गेले आणि म्हटलं, "बासष्ट." ती म्हणाली, "हे ऐकायला मी महिनाभर राख उशिरा टाकली." मग बाह्या वर करून आली. तंबूत मेंढा आला तो चुलीला वळसा घालून थेट मागच्या मानाच्या जागी जाऊन उभा राहिला. त्सेरमा म्हणाली, "बघ, तुझा थोरला दीर आला. चहा ओत."

मी हसले आणि लगेच रडायला आलं. त्याचे कान आतून पुसले तर काळी, ओली घाण निघाली, बोटभर. इतके दिवस तो हे घेऊन मुकाट्याने फिरत होता. कान साफ झाल्यावर त्याने मान माझ्या मांडीवर टाकली आणि ओठ चाटत बसला. दुधाने पुसलं, फिती बांधल्या. डोंगराला म्हटलं, चूक माझी आहे, त्या म्हाताऱ्याची नाही.

हे मिळताच उत्तर द्या. लांब नको. जिवंत आहे, एवढंच लिहा.

दुलमा

*

तामिरकाठ, २८ नोव्हेंबर

भावोजी,

दाम्बा परत आला, तुमचं पत्र नाही. तो म्हणतो, तुमच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, म्हाताऱ्याला घाईघाईने कुठेतरी नेलं. माझं पत्र त्याने दाराच्या फटीतून टाकलं.

दुसऱ्या वेळचं औषध झालं. कुणी घासत नाही. आठांपैकी सहांच्या पाठीवर मऊ लोकर फुटतेय. मेंढ्याचे कान कोरडे आहेत. लुवसानने काल स्वतःच्या हाताने माझ्या मेंढ्यांची लोकर उलटून बघितली आणि म्हणाला, "परवा निघू. तुमची बासष्टही आमच्याच आडोशाला."

मला हेच हवं होतं ना? तरी मी म्हटलं, मी हलणार नाही. लुवसान चक्रावला. "तीन महिने या एका शब्दासाठी जीव टाकत होतात, आणि आता?" त्याला कसं सांगू? मी डोंगरात गेले की दाम्बाला सापडणार नाही. मग मला कसं कळेल की मी तुम्हाला मारलं की नाही? बर्फ सुरू झालाय. त्सेरमाने अर्धा तंबू उतरवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिला म्हटलं, तुम्ही पुढे व्हा.

मेंढा धष्टपुष्ट दिसतो. ते बघून धीर येतो, मग वाटतं, कदाचित तुमचं सगळं त्याच्यात गेलं असेल.

भावोजी, तुम्ही आहात ना?

दुलमा

*

दार्खान, २ डिसेंबर

दुलमा,

जिवंत आहे. हे पत्र दाम्बा सरळ तुझ्याकडे आणतोय, मध्ये पीठ उतरवायला थांबायचं नाही असं बजावलंय. मिळताच तंबू उतरव आणि लुवसानच्या मागे लाग. तुझ्यासारख्या हट्टी बाईला सोडून ती दोघं पुढे गेली असतील असं मला वाटत नाही, पण तू तरी लाज धर.

दाराला कुलूप का होतं ते सांगतो. हसू नकोस.

सात तारखेला तुला पत्र धाडलं, तेव्हापासून मी दिवस मोजत होतो. आज धुतला असेल, उद्या धुतला असेल. चौदा तारखेला सकाळी छातीत कळ आली. आता तूच लिहितेस की त्याच दिवशी तू त्याला धुतलंस. ओयुनने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं, कागद काढला आणि म्हणाल्या, "आजोबा, गॅस आहे. वाळवलेलं दही कुठून मिळतं तुम्हाला?" तरी पंधरा दिवस ठेवून घेतलं. परवा घरी आलो, तर दारात तुझं पंधरा तारखेचं पत्र पडलेलं, आणि आज दाम्बाने दुसरं हातात दिलं.

मग मी काय केलं असेल? तीस वर्षांचा डॉक्टर, एकेकाळचा पक्षाचा सदस्य. ओयुनला म्हटलं, पाय मोकळे करायला जातो, आणि मठात गेलो. तिथल्या कोवळ्या लामाला विचारलं, मेंढ्याचे कान साफ केल्यावर माणसाला गॅस होतो का? त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. मलाही माहीत नाही मी काय विचारत होतो.

आईच्या शेळीच्या नावाने एक दिवा लावून आलो.

हिवाळ्यात जनावरांना मीठ चाटायला दे, आडोशात वारा खेळता ठेव, ओलं शेण साठू देऊ नकोस. मोजताना बासष्ट मोज. आणि यापुढे पत्राच्या सुरुवातीला गवत आणि हवापाणी नको. आधी तो मेंढा कसा आहे ते लिही. मी कसा आहे ते मला त्यावरून कळेल.

गोम्बोजाव